कणकेच्या रंगाची माशी

प्रिय शकू,

बांबूच्या सहा पट्ट्या तासून, एकीला एक चिकटवून केलेली मासेमारीची नऊ फुटी काठी. मानपाड्याच्या कारखान्यात असताना जेवणाच्या सुट्टीत लेथवर कातलेली ॲल्युमिनियमची चरखी. बाबांच्या जुन्या शिलाई मशीनच्या लोखंडातून केलेला, गळ घट्ट धरून ठेवणारा छोटा व्हाइस. आणि त्या व्हाइसमध्ये गळ पकडून त्याच्यावर बांधलेल्या, मासे भुलवणाऱ्या खोट्या माशा, कोंबड्याच्या मानेच्या पिसांच्या, लोकरीच्या, नारळाच्या काथ्याच्या. सगळं या हातांनी केलं, कुणी शिकवलं नाही. गळ तेवढा विकतचा, ते मी कधी लपवलं नाही. तुला हे ठाऊक आहे. तरी पुन्हा लिहितो, कारण पुढचं जे आहे तेही याच हातांचं आहे.

काल फोनवर तू रडत विचारलंस, "दादूस, तीन दिवस झाले, तो आयलाच नाय. रुसला काय रं माझ्यावर?" मी म्हटलं, पाणी गढूळ असेल. पाणी स्वच्छ आहे, शकू.

दिवाळीनंतर माजिवड्याच्या पुलावर बाईक घसरून मितेश गेला, त्याच्या दहाव्याचं मला सगळं आठवतं. उल्हास नदीवरचा, मोहन्याच्या वरच्या अंगाचा तो घाट. पिंडाला कावळा शिवेना. तू लेकाला काय काय कबूल केलंस, त्याच्या बहिणीचं, कृतिकाचं लग्न मनासारखं करू म्हणालीस, रतनभावोजींनी हात जोडले, तरी नाही. शेवटी भटजींनी पिंड पाण्यात सोडायला सांगितला, आणि तेव्हा तो मासा वर आला. पिवळट, जाड ओठांचं तोंड. भाताचा अख्खा गोळा आत ओढला आणि शेपटीने पाणी उडवलं. तुझ्या तोंडावर थेंब पडले. "तोच हाय," तू म्हणालीस. त्या दिवसापासून रोज सकाळी डब्यात कणीक घेऊन डोंबिवलीहून रिक्षाने तिथे. घरात चूल पेटली की नाही, याची तुला शुद्ध नव्हती.

तुला तेव्हाच सांगितलं होतं की तो सायप्रिनस आहे, परदेशी कार्प. आपल्या नदीचा नाही. कुणीतरी तळ्यात वाढवायला आणला, पुराबरोबर उल्हासमध्ये शिरला. डुकरासारखा तळ उकरतो, शेवाळ उपटतो, आणि त्या उकरण्यात बाकीच्यांची अंडी जातात. बाबांच्या पाठीमागे जाऊन आपण ज्या शिंगाळ्या धरायचो त्या आता गळाला का लागत नाहीत, याचं उत्तर तोच आहे. म्हणून माझा नियम आहे, सायप्रिनस धरला की परत सोडायचा नाही. तू कानांवर हात ठेवलेस. "माझ्या पोराला डुक्कर म्हन्तस?" एवढंच म्हणालीस आणि महिनाभर बोलली नाहीस.

मग जानेवारीत मी तुझ्या शेजारी पायरीवर येऊन बसायला लागलो. काठी न आणता. तुला वाटलं, दादूस निवळला. किती आनंद झाला होता तुला! डबा माझ्या मांडीवर ठेवून तू मला गोळी वळायला शिकवलीस. कणकेत चिमूटभर हळद, बोटाला तेल, घट्ट दाबायची नाही. घट्ट दाबली तर दगडासारखी बुडते, सैल असली तर क्षणभर तरंगते, कडांनी सुटत सुटत खाली जाते, आणि तो तेवढ्यातच घेतो. हे तू मला सांगितलंस. मी नीट ऐकत होतो.

घरी येऊन पांढरी लोकर हळदीच्या पाण्यात बुडवली. पहिल्यांदा फार पिवळी झाली, टाकून दिली. दुसऱ्यांदा नुसत्या वाफेवर धरली, तेव्हा तुझ्या कणकेचा रंग आला. कडा कात्रीने कापल्या नाहीत, नखाने पिंजल्या, म्हणजे पाण्यात सुटल्यासारख्या दिसाव्यात. इतकी चांगली माशी मी आयुष्यात बांधली नव्हती. तुझ्या नवऱ्याने प्रत्येक लग्नाच्या मांडवात सांगितलंय ना, आमचा मेव्हणा दिवसभर माशा मारतो? सगळे हसायचे. तूही तोंडाला पदर लावून हसायचीस, मी पाहिलंय.

रविवारी कृतिकाच्या साखरपुड्याला तू हॉलवर होतीस, तेव्हा मी घाटावर होतो. मला शोधावं लागलं नाही. तो तुझ्याच पायरीशी उभा होता, तुझ्या वेळेला. पहिल्याच फेकीत माशी त्याच्या पुढ्यात उतरली आणि त्याने ती अगदी सावकाश घेतली, लाडावलेल्या पोराने घास घ्यावा तशी. गळ लागल्यावरही आधी पळाला नाही. घाबरायचं असतं हे तू त्याला विसरायला लावलं होतंस. काठावर घेऊन दगडाने एकदाच मारला. अकरा किलो. आणि शकू, तो 'तो' नव्हताच. मादी होती. पोट अंड्यांनी तटतटलेलं. अंडी मी मातीत पुरली, मासा घाटाच्या राखणदाराला दिला. त्याने कालवण केलं, चव बरी होती म्हणाला.

हे मी तुला कळवणार नव्हतो. आणखी आठवडाभर बसली असतीस आणि मग आपली उठली असतीस, भावोजींना तेच हवं होतं. हो, त्यांना. पंधरा दिवसांपूर्वी ते बाळकुमला माझ्या घरी आले होते. "धाकू, त्या माशाचं काहीतरी कर. वर्षाच्या आत पोरीचं लग्न उरकायचंय आणि ही घाटावर माशाशी बोलत बसते. व्याही काय म्हणतील?" साखरपुड्याची तारीख मला त्यांनीच दिली, शकूला कळता कामा नये म्हणाले. आणि परवा रात्री स्वतःच चार माणसांत बसले असताना सांगून मोकळे झाले, की मेव्हण्याला पैसे चारले आणि काम करून घेतलं. आज ना उद्या ते तुझ्या कानावर येईल. मला कुणी भाड्याचा म्हणावं हे मी चालू देणार नाही, तुझ्यासाठीसुद्धा नाही. मासा मी माझ्या काठीने, माझ्या माशीने मारला, माझ्या मनाने मारला. बाळकुमला त्या दिवशी भावोजींनी टेबलावर ठेवलेलं पाकीट मी न उघडता त्यांच्या खिशात परत घातलं. जिन्यात त्यांनी आकडा सांगितला, मला वाटलं त्याहून मोठा होता. पंचाहत्तर हजार रुपये.

तुझाच,
दादूस