नऊ फोन आणि लांबचा सर्व्हर

ती. दाजींस,

साष्टांग नमस्कार (कमरेमुळे प्रत्यक्षात खुर्चीत बसूनच केला, पण कागदोपत्री पूर्ण धरावा). मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं कळलं. डोळा लवकर निवळो. इकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे तब्येतीनं. डोक्यानं कोणी खुशाल राहू नये याची व्यवस्था आमच्या मुख्य कचेरीनं केली आहे, तीच सांगायला बसलो आहे. तुम्ही बत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात काढलीत. फोन बंद असताना माणसानं शांत कसं बसावं हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

आमची शाखा वजनकाटे विकते आणि बिघडलेले दुरुस्त करून देते, हे तुम्ही जाणताच. आमचे शाखाप्रमुख या महिनाअखेर निवृत्त होताहेत, आणि त्यांच्या खुर्चीवर बावीस वर्षं माझा डोळा आहे (बसून एकदाच पाहिलं, करकरते). माझ्यामागून नोकरीला लागलेले दोघे दुसऱ्या शाखांत प्रमुख होऊन मला सूचना पाठवतात. या वेळी खुर्ची हुकली तर मी दुय्यम म्हणूनच घरी जाणार, आणि ते मला फार लागेल, खोटं कशाला बोलू! निर्णय सरव्यवस्थापकांच्या हातात. म्हणून शाखेत नवे फोन जोडण्याचं काम कोण अंगावर घेणार असं त्यांनी विचारलं, तेव्हा मीच पुढे झालो. हात दाखवून अवलक्षण!

आधी आमच्याकडे भिंतीवर एक पेटी होती. एकोणीस वर्षं तिनं नऊ टेबलांचे फोन सांभाळले, आणि तिची सेवा म्हणजे सहा महिन्यांतून एकदा फडकं. ती काढली आणि नऊ नवे फोन आले, प्रत्येकाला तळहाताएवढा पडदा. या फोनना स्वतःची अक्कल नसते. त्यांची अक्कल, म्हणजे तो सर्व्हर, साडेतीनशे किलोमीटर दूर मुख्य कचेरीत एका थंडगार खोलीत कुलपात ठेवलेली असते (तिथल्या साहेबलोकांनीही आपापली तिथेच ठेवायला दिली असावी). आमच्या टेलिफोनबाईंचं टेबल माझ्यापासून चार पावलांवर. आता त्यांना फोनवरून हाक मारायची, तर हाक आधी साडेतीनशे किलोमीटर जाते, तिथे ओळख पटवते आणि मग फिरून चार पावलांवर येते. द्राविडी प्राणायाम म्हणतात तो हाच. बाई म्हणाल्या, "मग मान वर करून बोला ना!" पण मुख्य कचेरीच्या परिपत्रकात मान वर करण्याची सोय नाही.

त्या सर्व्हरचे राखणदार म्हणजे एक तज्ज्ञ. त्यांनी अकरा पानी सूचना पाठवल्या. पहिल्या पानावर 'हे काम पाच मिनिटांचं आहे' असं लिहिलेलं, आणि उरलेली दहा पानं ते का होत नाही याबद्दल. प्रत्येक फोनच्या पोटात सर्व्हरचा पत्ता आणि वीस अक्षरी पासवर्ड घालायचा, तोही आकड्यांच्या बटणांवरून. एका अक्षरासाठी तीनदा दाबायचं, चुकून चौथ्यांदा दाबलं की पहिल्यापासून सुरुवात. दोन दिवस मी हेच करत होतो. जेवताना बायकोनं भाजी वाढू का विचारलं तर मी बोटानं टेबलावर तीनदा टकटक केलं. तिसऱ्या दिवशी पडद्यावर 'नोंदणी झाली' असं उमटलं, पण फोन उचलावा तर आत ठार शांतता. तज्ज्ञांना बाईंच्या मोबाइलवरून विचारलं. ते म्हणाले, "सर, आमच्याकडे सगळं हिरवं दिसतंय." यांच्याकडे हिरवं दिसलं की जगाचं कल्याण झालं! इकडे एक दुकानदार बिघडलेला काटा डोक्यावर घेऊन जिने चढून आला, कारण आमचा फोन लागत नव्हता.

गुरुवारी कहर झाला. शाखाप्रमुख उरलेली रजा संपवायला घरी. कचेरीत मी, टेलिफोनबाई आणि काटे दुरुस्त करणारे मिस्त्री. मी नव्या फोनवरून तज्ज्ञांचा नंबर फिरवला. पडद्यावर सेकंद मोजले जाऊ लागले, पण आवाज शून्य. पंधरा वेळा 'हॅलो' म्हणून झालं. तेव्हा बाई मोबाइल घेऊन खिडकीशी गेल्या आणि तज्ज्ञांशी बोलू लागल्या. खाली रस्ता खणायचं यंत्र सुरू होतं, त्यामुळे एका कानात बोट घालून त्या नुसत्या मान हलवत होत्या. मग माझ्याकडे वळून त्यांनी हात गोल गोल फिरवला: बोला, बोलत राहा. आता मेलेल्या फोनशी माणसानं बोलायचं तरी काय? म्हणून मी मनात होतं ते बोललो.

वीस मिनिटं बोललो, दाजी. सात मुद्दे झाले. म्हटलं, हे फोन ज्यांनी निवडले त्यांनी आयुष्यात स्वतःच्या हातानं फोन उचललेला नाही. तक्रार करणाऱ्या गिऱ्हाइकाला पाच बटणं दाबायला लावणं म्हणजे तहानलेल्याला विहिरीचा नकाशा देणं. शाखांचे निर्णय शाखांना सोडून सगळ्यांना आधी कळतात. सरव्यवस्थापक काटे विकतात खरे, पण त्यांना काट्यासमोर उभं केलं तर त्यावर माल ठेवायचा हे न कळून ते स्वतःच चढतील. मिस्त्री हातातलं काम टाकून पुढ्यात स्टूल घेऊन बसले. चौथ्या मुद्द्याला त्यांनी मला पाणी आणून दिलं. बाई मधूनमधून अंगठा दाखवत होत्या. मला वाटलं, दाद देताहेत. आयुष्यात इतकं मोकळं कधी वाटलं नव्हतं.

सातवा मुद्दा संपता संपता बाई खिडकीपासून परत आल्या, तज्ज्ञांनी मोबाइलवर सांगितल्याप्रमाणे आमच्या इंटरनेटच्या डबीच्या सेटिंगमधली एक टिक त्यांनी काढली, आणि रिसीव्हरमधून एकदम स्वच्छ आवाज आला. "थँक्यू सर, सापडलं! आता आमचा आवाज येतोय ना? तुमचा तर मघापासून येत होता." आवाज कुठे हरवतो हे शोधायला त्यांना कोणीतरी सलग बोलणारा हवा होता म्हणे. आणि ती टिक, ऐका, अशाच फोनना मदत करण्यासाठी कंपनीनं मुद्दाम दिलेली असते. मदत काढून घेतल्याबरोबर फोन चालू झाले! मुख्य कचेरीबद्दल मी आणखी काय वेगळं म्हणत होतो?

असो. नऊच्या नऊ फोन आता उत्तम चालतात. ताईला नमस्कार. डोळ्यात औषध वेळेवर घालत जा.

आपला आज्ञाधारक मेहुणा

ता. क. – एक बारीकशी गोष्ट राहिली. त्या वीस मिनिटांत तज्ज्ञांशेजारी सरव्यवस्थापक उभे होते आणि फोन स्पीकरवर होता. शुक्रवारी त्यांनी लेखी विचारलं, 'काल आपल्या फोनवरून कोण बोलत होतं?' मी तासभर घाम पुसला आणि कळवलं, की माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, टेलिफोन खात्यातले निवृत्त अधिकारी, सहज भेटायला आले होते. आमचे आवाज फोनवर सारखे येतात. वडीलधाऱ्या माणसाच्या तोंडावर हात कसा ठेवणार? दाजी, तुम्ही निवृत्त, तुमचं कोण काय वाकडं करणार! कोणी विचारलं तर 'हो, मीच' एवढंच म्हणा. गुरुवारी तुम्ही डोळ्याला पट्टी बांधून घरी पडला होता, हे कृपया बोलू नका.

ता. क. दुसरा – चिकटवलेलं पाकीट पुन्हा फोडलं आहे. आज सरव्यवस्थापकांचं उत्तर आलं. लिहितात, इतकं खरं आणि इतकं सविस्तर कुठल्याच शाखेतून आजवर कोणी बोललं नव्हतं. सातपैकी पाच मुद्दे मान्य. या शाखेला असाच प्रमुख हवा, म्हणून वयाची अट बाजूला ठेवून ती जागा दोन वर्षांसाठी तुम्हाला देऊ केली आहे. माझ्यासाठी शेवटी एकच ओळ: 'बावीस वर्षांत यातलं एकही वाक्य आपल्याला सुचू नये याचं नवल वाटतं.' दाजी, ही ओळ वाचून मी रडलो. तेव्हा वरचा पहिला ता. क. फाडून टाका. दोन दिवसांत तुम्हाला त्यांचा फोन येईल. त्यांना ठणकावून सांगा, की 'मी त्या गावी गेलोच नव्हतो, डॉक्टरांचा कागद आहे, बोलला तो माझा मेहुणाच.' आणि काहीही झालं तरी तो फोन तुम्हीच उचला. ताईनं उचलला तर ती तुमच्या वतीनं हो म्हणून तिथल्या तिथे तुमची बॅग भरायला घेईल.