अक्काचा कोरा रकाना

७ एप्रिल १९९९
चालला! एकदाचा चालला! समाजाच्या वधू-वर मेळाव्याचा प्रोग्राम. पुण्याच्या मैत्रिणीने सीडीवर टीसीएल नावाची कॉम्प्युटरची भाषा पाठवली होती, आणि तिला जोडायचा एक चिमुकला डेटाबेस. मुलाची माहिती टाकली की जुळणाऱ्या मुलींची चिठ्ठी लगेच बाहेर! सगळ्या नोंदी आधीच मेमरीत उचलून ठेवतो, म्हणून एवढा चपळ. धुळ्यात देवपूरच्या आमच्या कॉम्प्युटर क्लासमधलं हे मरतुकडं मशीन असं पळेल असं कुणालाच वाटलं नव्हतं — मला तर मुळीच नाही.

मंडळाचे सचिव रतिलालनाना कापडाचं दुकान सोडून बघायला आले. खूश झाले. मग जाता जाता म्हणाले, पूर्वविवाहाच्या रकान्यात काही लिहिलेलं असेल तर ते नाव चिठ्ठीत यायला नको. मंडळाचं ठरलंय. विधवा, सोडचिठ्ठी झालेल्या — त्यांचं शेवटी बघू, वेळ उरला तर.

वेळ कधी उरतो?

८ एप्रिल
ती अट मीच लिहिली. एका ओळीचं काम. चालवून बघितली आणि पहिली गळाली ती अक्का. माझी सख्खी बहीण! लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोच जीवरामभाऊजी ट्रकखाली गेले. तेव्हापासून ती सोनगीरला, मायच्या चुलीपुढे. मेळाव्याचा फॉर्म तिने स्वतः भरला, आबांनाही न विचारता. त्या रकान्यात लिहिलं — जीवराम, लाइनमन, वारले. मागच्या आठवड्यात मीच टाईप केलं होतं ते. तेव्हा काही वाटलं नाही. आज वाटतंय.

९ एप्रिल
चित्त थाऱ्यावर नाही. क्लासच्या पोरांना कालचाच धडा पुन्हा शिकवला. त्यांनीही मुकाट ऐकला, मेले!

१३ एप्रिल
सुचलं! मेमरीतली नोंद वेगळी, डिस्कवरची फाइल वेगळी. मेळाव्याच्या दिवशी मेमरीत फक्त अक्काचा तेवढा रकाना रिकामा करायचा. फाइलीत लिहायचंच नाही. काम संपलं की मेमरी साफ, फाइल होती तशीच. पाटीवर लिहून पुसावं तसं. नानांना कळणार नाही, अक्काला तर नाहीच नाही.

चिठ्ठी तरी निघेल तिची. एकदा समोर बसल्यावर अक्काला कोण नाही म्हणेल?

बाकीच्या बायकांचं काय, हेही मनात आलं. त्यांच्या बहिणी कॉम्प्युटर शिकल्या नाहीत, त्याला मी काय करू! — छे. काय लिहितेय मी हे.

१८ एप्रिल, रविवार
मेळावा झाला. मंडपात जीव उकडून निघाला, वर त्या प्रिंटरची करकर. शिरपूरकडच्या रुपचंदची चिठ्ठी काढली, त्यात अक्काचं नाव आलं — लीला, सोनगीर! आयटीआयमध्ये शिकवतो, वय जरा जास्त, बोलणं कमी. त्याची आई झुंबरबाई चिठ्ठी हातात धरून किती वेळ उभी! मग थेट आबांना गाठलं. येत्या रविवारी घरी येतो म्हणाल्या.

आवरायची घाई होती. तरी प्रोग्राम नीट बंद केला, शहाण्यासारखा.

२० एप्रिल
घोळ. मोठा घोळ! नानांना सगळ्या फॉर्मची पुस्तिका छापायची आहे, फ्लॉपी द्यायची म्हणून फाइल उघडली — अक्काचा रकाना कोरा! डिस्कवरसुद्धा! मॅन्युअल चाळलं. कोपऱ्यात एकच ओळ. फाइल बंद करताना मेमरीतले बदल आपोआप तिच्यात लिहिले जातात. नको असतील तर उघडतानाच सांगावं लागतं. मी सांगितलं नव्हतं. मध्येच लाइट गेले असते तर वाचले असते! धुळ्यात एरवी रोज जातात. रविवारी नेमके गेले नाहीत.

परत टाईप करायला कितीसा वेळ? पण पुस्तिका रविवारच्या आत शिरपूरला पोचली तर? नाही टाईप केलं. नानांना म्हटलं, पुढच्या आठवड्यात या.

२२ एप्रिल
सोनगीरला जाऊन आले. अक्का गुणगुणत होती! पाहुण्यांसाठी मसाला भाजत होती. म्हणते, सगळं माहीत असून येतायत गं ते. फॉर्ममध्ये मी लिहिलंय ना. अशीही माणसं असतात, बेबी.

 सांगायला हवं होतं. न सांगताच एस.टी. पकडली.

२४ एप्रिल
उद्या. देवा, उद्या.

२५ एप्रिल, रविवार
आले. अक्का चहा घेऊन आली, समोर बसली आणि सहज बोलून गेली, हे कप जीवरामनी आणलेले, एकही फुटला नाही अजून.  कुणी काही विचारायच्या आत मीच सुरू झाले — चिठ्ठीत ते नव्हतं, मी पुसलं, अक्काला काहीच माहीत नाही, तिचा दोष नाही. भडाभडा सगळं. आबांनी मान खाली घातली.

झुंबरबाईंनी बशी खाली ठेवली. "आमले बठ्ठं मालूम शे, बेटा. जीवराम आमना गावनी लाइनवर व्हता. आमना घर जेवेल शे." सगळं आधीच ठाऊक होतं त्यांना! भाऊजी त्यांच्या घरी जेवलेले, सोनगीरची लीला हे नाव भाऊजींच्या तोंडून इतकं ऐकलं होतं की चिठ्ठी वाचताच ओळखलं म्हणे. रुपचंदनेही मान हलवली. होकार देऊनच गेले! माय रडली, आबा हसले, मीही हसले. सुटले एकदाची!

अक्का हसली नाही. कप उचलून आत गेली.

२६ एप्रिल
सकाळी निघाले तेव्हा अक्का ओट्यापर्यंत आली. "माले लाज नव्हती, बेबी," म्हणाली. "त्यासले बी नव्हती. लाज तुलेच वाटनी."