किसनरावांची माती गुलाबाच्या कुंडीत

अकोला, रविवार

तीर्थस्वरूप किसनराव भाऊजी यांस,

देविदासचा शिरसाष्टांग नमस्कार. तुमची तब्येत ठणठणीत असेल. एरवी हे वाक्य मी रीत म्हणून लिहितो. या वेळी खात्री करून घ्यावी म्हणून लिहिले आहे.

फोनवर मला बोलणे जमत नाही, आणि तुम्ही माझा फोन उचलतही नाही. म्हणून हे पत्र. तुमच्या निधनाची बातमी कशी पसरली ते माझ्याकडूनच तुम्हाला कळावे.

मी रिटायर झालो तेव्हा जावई विपुल यांनी अमरावतीहून खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आणून दिली. समुद्रातले मासे. मागच्या महिन्यात त्यात एक नवीन आला, केशरी अंगाचा, पांढऱ्या पट्ट्यांचा. आल्या आल्या त्याने चांगला कोपरा धरला, सगळ्यांकडे पाठ केली, आणि दोनतीनदा आग्रह केल्याशिवाय खाण्याला तोंड लावले नाही. सौ. म्हणाली, “अवो, हे तं आपले किसनराव!” तेच नाव पडले. (मी विरोध केला. फार नाही.) खरे सांगायचे तर आमच्या मुलीच्या, आचलच्या लग्नापासून तुम्ही आमच्याकडे आला नाहीत. सोयऱ्यांना टॉवेल-टोपीचा मान देताना माईकवर तुमचे नाव सर्वांत शेवटी घेतले गेले आणि “तुह्या घरचं पानी पेलो तं नावचा किसनराव नाही” म्हणून तुम्ही जेवणावरून उठलात. तेव्हा घरात कोणाला तरी रोज ‘या किसनराव, घ्या किसनराव’ म्हणता येते, हे मला बरे वाटू लागले होते. रोज पेपर वाचून झाला की टाकीसमोर बसत असे. तोही माझ्यासारखाच, ऐकून घेणारा. (यात मात्र तुमच्याशी साम्य नव्हते.)

या टाकीतले थोडे पाणी अधूनमधून बदलावे लागते आणि नवीन पाण्यात समुद्राचे खास मीठ घालावे लागते. मीठ संपले, जावयांकडून यायला उशीर झाला. तेव्हा मला तुमचे बोलणे आठवले. तुमचे गाव बाळापूरकडच्या खारपाणपट्ट्यातले, विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, आणि तुम्ही प्रत्येक लग्नात मांडी ठोकून सांगता, “समुद्र काय घेऊन बसले, आमच्या विहिरीपुढं तो फिक्का आहे!” मी विश्वास ठेवला. तुमच्या घरी आशाताईला सांगून तुमच्या श्यामच्या मोटरसायकलवर दोन कॅन मागवल्या. (ताईवर रागावू नका. पाणीच होते.) खारे ते खारे, असे मी समजलो. दुसऱ्या दिवशी सकाळी किसनराव उताणे तरंगत होते. विपुलरावांना फोन केला तर ते एवढेच म्हणाले, “बाबा, समुद्राचं खारं वेगळं अन् बाळापूरकडचं वेगळं.”

मला फार वाईट वाटले. मी घरच्या चौघांच्या ग्रुपवर लिहिले, “कळविण्यास अत्यंत दुःख होते की आपले किसनराव आज सकाळी टाकीत मृतावस्थेत आढळले.” (ऑफिसात पस्तीस वर्षे गेल्यावर दुःखही असेच बाहेर पडते.) चष्मा नव्हता. ते ‘सोयरे मंडळी’ या ग्रुपवर गेले.

लगेच पातूरहून तुमच्या चुलतभावाचा, महादेवरावांचा फोन. “माती किती वाजता हाय?” मी म्हणालो, “आटोपली. गुलाबाच्या कुंडीत.” त्यांनी लगेच फोन ठेवला. मला वाटले, त्यांनाही दुःख झाले.

पुढचे तुम्हाला ठाऊकच आहे. मला ताईने सांगितले. तुमच्या शेजारच्या गंगूबाई हार घेऊन रडत दारात आल्या, तुम्ही हातातला भाकरीचा तुकडा तसाच धरून विचारले, “कोण गेलं वो?” आणि त्या म्हणाल्या, “तुमीच ना जी!” मग ताईने मला फोन केला, “काहून रे, हे तं माह्यापुढं भाकर खाऊन राहिले!” हे ऐकून मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने हसलो. सौ. स्वयंपाकघरातून धावत आली.

पण भाऊजी, त्याआधी ग्रुपवर कोणीतरी तुमचा फोटो टाकला होता, हार घातलेला. गेला तो मासा, हे माझ्याइतके कोणालाच माहीत नव्हते. तरी मी चष्मा शोधून तो फोटो पुन्हा पाहिला. एवढेच सांगायचे होते.

ताईस नमस्कार, श्यामला आशीर्वाद.

आपला,
देविदास

ता. क. येत्या रविवारी किसनरावांची तेरवी ठेवली आहे. सोयऱ्यांनी आग्रह धरला. हार फुकट गेले, निदान पुरणपोळी तरी हवी म्हणतात. माईक लावणार आहे. पहिले नाव तुमचे. स्वतःच्या तेरवीला जेवायचा मान किती जणांना मिळतो?

ता. क. २. शपथेची काळजी नको. तुमच्या विहिरीची एक कॅन भरलेली शिल्लक आहे. माझ्या घरचे पाणी पिऊ नका, तुमचेच प्या. त्याने मासा मेला हे खरे, पण तुम्ही तर त्यावरच वाढलात.