बंदूक एक, फाउंटनपेन एक

॥ श्री ॥

गिरगाव, मुंबई
२५ ऑक्टोबर १९५८

चि. सौ. राजलक्ष्मी हिस अप्पाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे बडोद्याहून पाठवलेले सोने दसऱ्याच्या आदल्या दिवशीच पोचले. आपट्याची पाने पाकिटात घालून त्यावर टपालखात्याचा शिक्का मारून घेणारी तू एकटीच असशील. तुझ्या यशोदावहिनीने ती देवापुढे ठेवली आणि नेहमीप्रमाणे तुझी आठवण काढून नाक ओढले.

पाट मांडला होता. वडिलांची दुनळी बंदूक मी कपाटातून काढून पुसली. शेवटचा बार काढला त्याला सहा वर्षे झाली. तेव्हा माहीमचा बेसिल आणि मी वसईकडच्या खाजणात बदकांमागे गेलो होतो व दोघेही चिखलात बसून रिकाम्या हातांनी परतलो. पाटावर बंदूक, यशोदेची विळी, माझी आखणीची पट्टी आणि तुझ्या चिरंजीवांचे फाउंटनपेन. नोकरी लागल्यापासून शशिकांत दरवर्षी नवमीला पेन ठेवून जातो आणि एकादशीला येऊन, जेवून, घेऊन जातो. ते पाटावरून घरंगळते म्हणून यशोदा लाल दोऱ्याने बंदुकीच्या नळीला बांधून टाकते. आपल्या घरची रीत तुला ठाऊक आहे, पाटावरची वस्तू ज्याची त्याने उचलायची. यंदा एकादशीला तो आलाच नाही. पेन तसेच राहिले, आणि पेनापायी बंदूकही.

आता वाईट बातमी. दसऱ्याच्या दुपारी तळमजल्यावरचा सोडावाला सीताराम आणि लालबागहून आलेला त्याचा मेहुणा रामजी यांची पत्त्यांवरून जुंपली. रामजीने सोड्याची बाटली सीतारामच्या डोक्यात घातली. मी वर झोपलो होतो. आरडाओरडा ऐकून उतरलो, माझे उपरणे त्याच्या डोक्याला गुंडाळले आणि व्हिक्टोरिया बग्गी करून त्याला इस्पितळात नेले. सात टाके पडले. आता बरा आहे, रामजीच त्याला डबा नेऊन देतो.

काल 'दिनरेखा'त तीन कॉलमी मथळा आला: 'पिढीजात बंदूक बाळगणाऱ्याच्या दारात रक्तपात'. खाली, घरात हार घातलेली दुनळी बंदूक उघड्यावर आढळली वगैरे. बाटलीचा उल्लेख नवव्या ओळीत. उपरण्याचा कुठेच नाही. सोड्याच्या बाटलीने डोके फुटले तर 'बाटली बाळगणाऱ्याच्या दारात' का लिहिले नाही, असे मी यशोदेला विचारले. ती म्हणाली की आता हसू नका.

तिचे खरे ठरले. दुपारी इन्स्पेक्टर आले. भला माणूस. पेपरात आल्यामुळे वरून विचारणा झाली म्हणाले. बंदूक दोन दिवस कुलपाबाहेर का, हे त्यांनी विचारले आणि मी पेनाची हकिगत सांगितली, ती त्यांनी लिहून घेतली, पण त्यांच्या तोंडाकडे बघून मला स्वतःलाच ती खोटी वाटू लागली. यशोदेने दोरा कापू दिला नाही. शेवटी पंचनाम्यात 'बंदूक एक, फाउंटनपेन एक, लाल दोऱ्याने बांधलेले' अशी नोंद करून दोन्ही घेऊन गेले. परवाना डिसेंबरअखेर नवा करायचा आहे.

'दिनरेखा' म्हणजे आपल्या शशिकांतचाच पेपर. सणाच्या रजेवर असेल बिचारा. सौ. यशोदेचा तुला आशीर्वाद. बाकी क्षेम, आठवण ठेवीत जा.

तुझा
अप्पा

बडोदे
२९ ऑक्टोबर १९५८

चि. शशिकांतास आईचे अनेक आशीर्वाद.

अप्पाचं पत्र आलं. ते सोबत पाठवते आहे, वाच आणि परत पाठव.

तू रजेवर नव्हतास. दसऱ्याला छापखान्यातली यंत्रं पुजून दुसऱ्या दिवशी दुप्पट काम असतं, असं तूच मला लिहिलं होतंस आणि म्हणून दिवाळीआधी बडोद्याला येणं जमत नाही असंही. मग एकादशीला गिरगावात का गेला नाहीस? दादरहून गिरगाव काय काशीला आहे? मामीच्या हातच्या पापलेटच्या भुजण्यासाठी तू ताप अंगात घेऊन गेलेला आहेस, हे मी विसरलेले नाही.

लहानपणी काही फोडलंस की तू दोन दिवस त्या खोलीत पाऊल टाकत नसायचास. मला बाकी काही माहीत नाही, एवढं माहीत आहे. उत्तर लांबवू नकोस. थंडी पडेल आता, मफलर वापर.

तुझी
आई

दादर, मुंबई
२ नोव्हेंबर १९५८

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

मफलर वापरण्याइतकी थंडी मुंबईत पडत नाही, हे तुला दरवर्षी लिहितो. यंदा त्यापलीकडचंही लिहायचं आहे.

मथळा माझा आहे.

वार्ताहराने चार ओळींची बातमी आणली होती. मारामारी, बाटली, सात टाके. सणामुळे कचेऱ्या बंद, सभा नाहीत, पान रिकामं. जाता जाता तो म्हणाला की वरच्या मजल्यावर एका म्हाताऱ्याच्या घरात उघड्या दारातून हार घातलेली बंदूक दिसली. ती बंदूक कोणाची हे मला त्याच क्षणी कळलं. तिला बांधलेलं पेनही मला डोळ्यांसमोर दिसलं, त्याला नव्हतं दिसलं. मी ऑफिसातली पेन्सिल उचलली आणि मथळा केला. नाव घातलं नाही, म्हणजे काही बिघडणार नाही, अशी स्वतःची समजूत घातली. खरं सांगायचं तर मथळा चांगला झाला म्हणून मला आनंदच झाला. संपादकांनी पाठ थोपटली.

गेली तीन वर्षं आम्ही पेपरात बंदूक हा शब्द छापतो तो गोळीबाराच्या बातमीत. मोर्चातली माणसं पडली त्यांची नावं मी स्वतः जुळवली आहेत. वाचकाला बंदूक दिसली की त्याच्यामागे कोण उभा आहे हे तो विचारतच नाही, आणि आम्हीही विचारायचं सोडून दिलं. अप्पामामा कुठे आणि ते कुठे, हे मला कळायला हवं होतं. मी तर त्यांच्या पाटावर जेवलेला माणूस.

एकादशीला निघालो होतो. चर्नी रोडला उतरलोही. तेव्हा पान अजून छापायला गेलं नव्हतं, परत फिरून मथळा बदलता आला असता. तसं न करता मी चौपाटीवर बसलो आणि दादरला परत आलो.

मामांना तू काही लिहू नकोस. मीच सांगेन. कधी ते मला ठाऊक नाही.

तुझा
शशिकांत

गिरगाव, मुंबई
९ नोव्हेंबर १९५८

चि. शशिकांत यास अप्पामामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा दिवाळी. मामीने फराळाच्या शिंगड्या तळल्या आहेत, तुझ्या वाट्याच्या डब्यात ठेवल्या आहेत, मुंग्यांच्या आधी ये.

हे पत्र एका कामासाठी. मी तुमच्या संपादकांना खुलासा पाठवला होता. बत्तीस वर्षे कचेरीत मसुदे केलेला मी माणूस. चौदा कलमांत, समास सोडून, सुवाच्य अक्षरात. त्यातले त्यांनी एकच वाक्य छापले, तेही अर्धे. मी लिहिले होते की बंदूक मी बाळगतो व यापुढेही बाळगीन, ती सरकारी परवान्याने व कुलपात. त्यांनी 'बाळगीन'पर्यंत छापले आणि वर मथळा दिला 'बंदूकवाल्याचा हट्ट'. माझे नाव मात्र पूर्ण छापले, पत्त्यासकट. माझी चूक झाली, चौदा कलमांऐवजी एक लिहायला हवे होते.

परवाना कचेरीत गेलो होतो. कारकुनाने माझी फाइल उघडली तर दोन्ही कात्रणे टाचणीने लावलेली. एकोणीसशे एकतीसपासून माझ्यावर एक शेरा नाही, तो कागद खाली, कात्रणे वर. शस्त्र हलगर्जीपणे उघड्यावर ठेवले असा अहवाल आहे म्हणे. बेसिल माहीमहून येऊन माझ्या बाजूने लिहून देऊन गेला. त्याची बायको नॉर्मा हिनेही सही केली, खाली लिहिले की हा मनुष्य बदकालासुद्धा इजा करू शकत नाही. मित्र म्हणून मला बरे वाटले, पण नेमबाज म्हणून वाईट वाटले.

बंदूक गेली तर जाईल. माझे खांदे आता तिचा धक्का सोसायचे नाहीत. पण वाडीतल्या नऊ मुली संध्याकाळी माझ्याकडे इंग्रजी वाचायला येत, त्यातल्या आता दोनच येतात. बाकीच्यांच्या आया जिन्यात भेटल्या की पदर सावरून बाजूला होतात. पंधरा वर्षे मी शिकवतो, तेव्हाही या घरात बंदूक होतीच आणि त्या मुलींच्या मोठ्या बहिणी तिच्या कपाटाला टेकून स्पेलिंगे घोकून गेल्या. मला याचे फार दुःख होते, ते तुला लिहितो, यशोदेपुढे बोलत नाही. परवाना नाकारला तर पेपरात आलेले खरे होते, असेच ठरेल, आणि मग मला जिना उतरणे अवघड जाईल.

तर काम असे. पहिली बातमी कोणी केली ते तुमच्या ऑफिसात विचारून पाहावे. त्या गृहस्थाला मला फक्त पाट दाखवायचा आहे. तुझ्या नोकरीला बाध येत असेल तर विचारू नकोस. मामीचा आशीर्वाद. तुझ्या येण्याकडे डोळे लागले आहेत.

अप्पामामा

बडोदे
१४ नोव्हेंबर १९५८

चि. शशिकांतास आशीर्वाद.

कार्डावर लिहिते, पोस्टमनने वाचलं तरी वाचू दे. काल भाऊबीज. अप्पाला ओवाळणीचं पत्र लिहायला बसले आणि चार ओळी लिहून फाडलं, कारण तुझी खुशाली लिहिताना हात अडला. सख्ख्या भावापासून लपवायची माझी ही पहिली वेळ आहे आणि ती शेवटची. महिनाअखेरपर्यंत मी गप्प बसेन. पुढे मी लिहीन, आणि मी लिहिलेलं तुला आवडायचं नाही.

आई

दादर, मुंबई
२६ नोव्हेंबर १९५८

ती. अप्पामामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही ज्या गृहस्थाला विचारायला सांगितलंत तो मीच. तुमचा खुलासा अर्धा छापण्यात माझा हात नव्हता, पण तेही पहिल्या बातमीच्या पोटीच आलं. बंदूक तुमची आहे हे माहीत असून मी मथळा केला. एकादशीला लाजेने आलो नाही. मी आलो असतो तर तुम्ही दोरा सोडून बंदूक त्याच सकाळी कपाटात ठेवली असती आणि इन्स्पेक्टरांना ती उघड्यावर मिळाली नसती. म्हणजे एकदा लिहून आणि एकदा न येऊन, असं दोनदा मी तुम्हाला खाली ओढलं.

संपादकांकडे गेलो. ते म्हणाले, बातमीत खोटं एक अक्षर नाही. ते खरंच आहे, म्हणून मला वाद घालता येईना. बंदूक होती, रक्त सांडलं होतं, दार तुमच्याच जिन्याखालचं होतं. मी म्हटलं की या तिघांना एका ओळीत मी बसवलं, ते तसे बसलेले नव्हते. आठवडाभर मागे लागलो तेव्हा सहा ओळींची दुरुस्ती द्यायला तयार झाले. परवा आली आहे, पाचव्या पानावर, हरवलेल्या छत्रीच्या जाहिरातीखाली. उपरण्याची गोष्ट त्यात घातली आहे. कात्रण सोबत आहे, त्याच्या आणखी दहा प्रती काढून मी काल वाडीत आलो आणि सीतारामच्या दुकानात ठेवल्या. त्याने एक भिंतीला चिकटवली. वर यायचं धैर्य झालं नाही.

परवाना कचेरीतही गेलो. पेन माझं, रीत तुमच्या घरची आणि हलगर्जीपणा माझा, असं स्वतःच्या नावानिशी लिहून दिलं. कारकुनाने ते वाचून मला पेन कसलं होतं ते विचारलं. काळं, टोपणाला ओरखडा असलेलं, असं सांगितल्यावर त्याने पंचनाम्याशी पडताळून पाहिलं आणि मान डोलावली.

बातम्यांवरून मला काढलं आहे. आता मी भरती-ओहोटीच्या वेळा आणि आगगाड्यांचं वेळापत्रक लावतो. त्यात मथळे नसतात.

क्षमा मागतो असं लिहून खोडलं, कारण ते सोपं वाटलं. तुम्ही बोलवाल तेव्हा येईन. मामींना नमस्कार.

तुमचा
शशिकांत

गिरगाव, मुंबई
२ जानेवारी १९५९

चि. शशिकांत यास अनेक आशीर्वाद.

परवाना ३० तारखेला मिळाला. कारकुनाने कात्रणे खाली घातली आणि तुझा कागद वर लावला. परवा इन्स्पेक्टर स्वतः बंदूक घेऊन आले, चहा प्यायले. मुली सहा झाल्या आहेत. उरलेल्या तिघींपैकी एकीची आई काल जिन्यात हसली, बाकी दोघींचे सांगता येत नाही. सहा ओळींनी होते ते एवढेच. तीन कॉलमांचे सगळे परत येत नाही, हे तू ध्यानात ठेव.

तुझे पत्र येण्याआधीच मला ठाऊक होते. मथळ्यात 'पिढीजात' होते. दारातून डोकावणाऱ्या परक्याला बंदूक दिसली असेल, पण ती माझ्या वडिलांची हे नळीवर लिहिलेले नाही. सकाळी चहा घेताना वाचले आणि कळले. यशोदेला सांगितले नाही, तुझ्या आईला रजेची सबब मीच पुरवली. मला फार राग आला होता. तुला बोलावून चार शब्द सुनवावेत असे रोज वाटे, आणि रोज वाटे की आज तू आपण होऊन येशील. म्हणून ते काम तुला सांगितले. तुझे पत्र आले त्या दिवशी मी दुपारी झोपलो, महिन्याभराने नीट झोपलो.

माझ्या बंदुकीला दर डिसेंबरात कचेरीच्या पायऱ्या चढाव्या लागतात, तशा तुझ्या पेनाला लागत नाहीत. म्हणून त्याला माझ्या पाटावर आणून ठेवायची रीत तू मोडू नयेस, असे मला वाटते.

पोलिसांनी दोरा सोडला नाही, आणि मीही सोडलेला नाही. बंदूक पुन्हा पाटावरच ठेवली आहे; रविवारपर्यंत मी दाराला आतून कडी लावून बसणार आहे, म्हणजे पुन्हा कोणी डोकावायला नको. मामीने पापलेट सांगून ठेवले आहे. ये आणि तुझे पेन तू उचल, म्हणजे मला माझी बंदूक उचलता येईल.

लोभ होता तसाच आहे, याची खातरी असावी.

तुझा
अप्पामामा