राखीव पाचवी

सोमवार, ३ फेब्रुवारी

घ्या! मला धीर देण्याच्या खात्यावर नेमलंय. कोचसरांचं नवीन खूळ — स्पर्धेआधी जिची तंतरते तिला एक सोबतीण. "तू राखीव. तुला तसंही काय काम?" इति सर. रिलेत चौघी पळणार, मी पाचवी. कुणी आडवं पडलं तरच मी मैदानात. तीन वर्षं बसून बसून बाक गुळगुळीत केलाय. आणि हे शेवटचं वर्ष.

सोबत कुणाची? लंबूची! शेवटचा टप्पा पळणारी, अख्ख्या कॉलेजात सगळ्यात वेगवान, आणि शर्यतीच्या नुसत्या नावाने हिच्या पोटात गोळा. म्हणजे जी कोसळली तर माझा नंबर लागणार, तिलाच मी उभं धरायचं. धन्य ते सर.

बुधवार, ५

सरावाला लंबू तीनदा संडासात. मी दाराबाहेर तिचे बूट धरून. आतून रडका आवाज — "माझ्या हातून बॅटन पडणार गं!" म्हटलं, आधी कडी काढ, मग पाड. हसली. पण बाहेर आली तर हात गारठलेले. चोळत बसले. गप्प बसलं की ही जास्त घाबरते, म्हणून सरांच्या चालीची नक्कल केली, ढेरीसकट. सर मागेच उभे! मला दोन फेऱ्या जास्त.

गुरुवार, ६

आईचा फोन. "या वेळी तरी पळणार ना गं?" बघू, म्हटलं. फोन ठेवल्यावर रडले. कुणाला सांगणार नाही.

शुक्रवार, ७

उद्या शर्यत. लंबू माझ्या बाकावर येऊन बसली. "मी सरांना सांगते, तू पळ माझ्याऐवजी. चौघींच्या नावांची चिठ्ठी उद्या नऊला द्यायचीय. तोवर नाव बदलता येतं."

खोटं कशाला लिहू — मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या! "हो" अगदी जिभेवर आलं होतं. बुटाची नाडी सोडली, बांधली, परत सोडली.

मग म्हटलं, "बये, पोटात गोळा घेऊनसुद्धा तू माझ्यापेक्षा जोरात पळतेस. गपगुमान पळ." ती माझ्याकडे बघतच राहिली. मग उठून गेली.

कुणी सांगितला होता हा शहाणपणा? स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटतेय.

शनिवार, ८

दुसऱ्या आलो! लंबू सकाळी ओकली आणि मग दोघींना मागे टाकून पळाली. ओरडून ओरडून माझा घसा बसला.

परतताना गाडीत म्हणाली, "सगळे मला सांगत होते, तू पळशील. कुणाचंच खरं वाटेना. तू म्हणालीस तेव्हा वाटलं."

का गं?

"मी पळू नये असं तुला एकटीलाच वाटत होतं ना."