उत्तरेच्या भिंतीतली अकरा भोकं

सोमवार, ३

पोचलो एकदाचे! मुक्कामाची जागा म्हणजे कबरींच्या जुन्या आवाराला पाठ लावून बांधलेल्या दोन खोल्या. मला वाटलं, ही नाक मुरडेल. तर म्हणते कशी, शेजार बरा मिळाला, भांडण नाही की भांडी मागायला येणं नाही. हिच्या तोंडी कोण लागणार! सामान लावताना तासभर अखंड बोलत होती.

आवार देखणं आहे. वर छत नाही, ते मुद्दामच. चार भिंती, दक्षिणेला टोकदार कमान, मधल्या चौथऱ्यावर एकोणीस कबरी. पूर्व-पश्चिमेला दगडी जाळ्या, प्रत्येकीची नक्षी वेगळी. जाळीतलं ऊन कबरींवर उतरलं तेव्हा मी मोजपट्टी धरून नुसताच उभा राहिलो. तीन आठवड्यांत पाहणी, अहवाल आणि किरकोळ डागडुजी करायची आहे.

बुधवार, ५

कमानीचा मधला दगड बोटभर खाली आलाय. कंगोऱ्यांत झुडपांची मुळं शिरलीत. उत्तरेच्या भिंतीला माझ्यासारखंच पोट सुटलंय. तिची पाठ म्हणजे आमच्या झोपायच्या खोलीची भिंत. तिच्यात आवाराच्या बाजूनं, गुडघ्याइतक्या उंचीवर, मुठीएवढी अकरा भोकं आहेत. भिंत बांधताना उभं राहायच्या परांचीच्या बल्ल्या रोवायला गवंडी ठेवतात तसली. बुजवायची राहून गेली असणार, आणि पाणी मुरून भिंत फुगली, असं मी निदान केलं.

राखणदार चाचा म्हणाले, आमच्या आजोबांनी नाही बुजवली, वडिलांनी नाही बुजवली, तुम्हीपण राहू द्या. का, ते त्यांनाही ठाऊक नाही. आळस पिढीजात दिसतो, असं मी मनात म्हटलं.

शुक्रवार, ७

चुना, वाळू आणि विटांचा चुरा कालवून चार भोकं बुजवली. किती खोल आहेत ते आधी बघायला हवं होतं. पण हात सवयीचे, वाकून कोण बघतो! संध्याकाळी पाण्याची बादली आणताना हिला दम लागला. उंबऱ्यावर बसली आणि जागा बदलली की होतं असं, म्हणाली.

सोमवार, १०

दहा झाली. हिला वाक्याच्या मध्येच थांबावं लागतंय. डॉक्टरनं छातीचा फोटो काढला, तो स्वच्छ आला. हवा मानवत नसेल, एवढंच म्हणाला. घरात बोलणं नाही. एरवी मीच हिला पुरे म्हणायचो. आता ही शांतता मला सोसवत नाही.

मंगळवार, ११

अकरावं बुजवायला बसलो. आतून वारा येत होता. कोमट, थांबून थांबून. थापीभर चुना लावला आणि खोलीत काहीतरी पडलं. मी धावलो. ही जमिनीवर, ओठ काळेनिळे. परत जाऊन बोटांनी चुना खरवडून काढला, तेव्हा कुठे हिचा श्वास ऐकू आला.

हे मी केलंय.

बुधवार, १२

पहाटेपासून फोडतोय. चुना इतक्या लवकर दगड होत नाही. हा झालाय. तीन भोकं उघडली. ही उठून बसली, दोन घास खाल्ले. एका भोकात पाच फुटी गज घातला. सगळा आत गेला. भिंत दोन फुटांची आहे, आणि आमच्या खोलीच्या बाजूनं भिंत सलग आहे.

गाडी सांगितली. उद्या हिला घेऊन निघतो.

गुरुवार, १३

पहिल्या वळणावरूनच परत फिरलो. जितकं लांब जावं, तितका हिचा श्वास —

उघडलेली तिन्ही पुन्हा बुजलीत. चुना ओला आहे. आतून लावलाय. कड अंगठ्यानं दाबून वळवलेली, मी वळवतो तशीच. चाचा आले. पहार घेऊन शेजारी बसले आणि फोडायला लागले.

शुक्रवार, १४

आम्ही फोडतो, ते बुजतं. आता डोळ्यांदेखत. दहाही गेली. अकराव्याची कड आत आत येतेय. ही नुसती बघते माझ्याकडे. मला भीती वाटते. फार भीती वाटते.

शनिवार, १५

अकराव्यात हात घातलाय, कोपरापर्यंत. हात आहे तोवर ते पुरतं बुजत नाही. चाचा सांगून गेले, बाई श्वास घेतायत, पाणी मागितलं. डाव्या हातानं लिहितोय. हे अक्षर बघून ही हसेल.

बोटांना ओलं लागलं. चुना. बोटांच्या मधून भरतंय कोणीतरी — सावकाश — घाई नाही —

मनगट हलत नाही. असू दे.

हिचा आवाज. सलग बोलतेय, पूर्वीसारखी! कमानीतून येतेय. म्हणते, उन्हात काय बसलात असे, हात कुठे अडकवलात — मी ओरडलो, लांब राहा. ऐकेल तर ना. कधी ऐकलंय —

खांदा धरला. ओढतेय. चाचा नाहीत जवळ — अगं नको — मला नको सोडवू — चुना तडकतोय, हात सुट