म्हातारीची रेडी

आबा,

काल आपल्या गोठ्यात रेडी जन्मली. तुमच्या लांब शिंगांच्या म्हशीची शेवटची नात आता थकलीय, आम्ही तिला म्हातारीच म्हणतो. रेडी तिची. पण व्याली मात्र दुसरीच, भाऊनं इंदापूरच्या बाजारातून आणलेली तरणी म्हैस. हे ऐकून तुम्ही विडी विझवली असती आणि म्हणाला असता, "काय बी बोलू नगंस." म्हणून सुरुवातीपासून सांगते.

आपल्या कन्हेरीत पहिल्यांदा जनावरांचे डॉक्टर आले, रेडा न दाखवता सुईनं म्हैस भरवायला, तो दिवस मला लख्ख आठवतो. मी गव्हाणीआडून डोकावतेय आणि तुम्ही गरजताय, "ए, हितं काय काम हाय तुझं? पोरीच्या जातीनं ह्या येळंला गोठ्यात थांबू न्हाय. चुलीपाशी जा!" मी रडत चुलीपाशी जाते. थोड्या वेळानं तुम्ही हात धुऊन येता, आईनं तापवून कोमट केलेल्या दुधाला स्वतः विरजण लावता, गाडग्यावर ताट झाकता. मी हळूच विचारते, "आबा, म्हशीच्या पोटात आता काय हुतंय?" ताटावरचा हात न काढता तुम्ही म्हणता, "मला तरी कुठं ठावं हाय? झाकल्यालं हाय ते. आपुन उघडून बघू न्हाय." तुमचा राग मी विसरले, पण त्या बोलण्यातला धाक विसरले नाही. बहुधा त्यानंच मला म्हशींच्या अभ्यासाला लावलं.

त्या म्हशीच्या दह्याचा तुम्हाला कोण अभिमान! डेअरीच्या कॅनमध्ये कुठल्याही म्हशीचं दूध चालायचं, पण घरचं विरजण फक्त तिच्याच दुधाला. पाहुणे आले की गाडगं त्यांच्यासमोर पालथं करून दाखवायचात. एकदा सगळं दही मामांच्या धोतरावर आलं, तरी तुम्ही हटला नाहीत. "विरजण भायेरचं हुतं," म्हणालात! आज बारामतीच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना घेऊन मी हेच तपासते, दही किती घट्ट लागलं, पाणी किती सुटलं, आणि त्यात चाऱ्याचा वाटा किती, म्हशीच्या वाणाचा किती. तुमच्या म्हशीचं दही खरंच वेगळं होतं का, हे मला अजून ठाऊक नाही. आणि म्हातारी गाभण राहीना. ती गेली असती तर तो वाण आपल्या दावणीवरून कायमचा उठला असता, आणि माझा प्रश्नही तसाच राहिला असता.

भाऊ म्हणाला, "ताई, भाकड म्हशीत आता काय जीव लावतीस?" मी ऐकलं नाही. बारीक सुईनं तिच्या पोटातली बीजं काढली आणि प्रयोगशाळेत नेऊन काचेच्या बशीत रेड्याच्या बीजाशी त्यांचं फलन केलं. पहिल्या खेपेला काही नाही. पुढच्या खेपेलाही नाही. मग एकदा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि तो काढवेना. एका पेशीच्या दोन झाल्या होत्या. पुढे त्यांच्या चार. कुणी सांगितलं त्यांना? मी एवढी शिकले, तरी मला सांगता येत नाही. तो गर्भ तरण्या म्हशीच्या पोटात ठेवला आणि रोज देवाला हात जोडले, विद्यार्थ्यांची नजर चुकवून.

काल ती व्याली. आपल्या रक्ताची नसलेली रेडी तिनं चाटून चाटून कोरडी केली. रेडी धडपडली, पडली, पुन्हा उठली आणि थेट आचळाला लागली. शेजारच्या दावणीला म्हातारी रवंथ करत उभी होती, तिला कशाचाच पत्ता नाही. वहिनीनं चीक काढला, डोळे पुसले आणि म्हणाली, "आबा असायला पायजे हुते, व्हय ना ओ ताई?"

मी मान डोलावली, पण खोटी. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून तुम्हाला खरं सांगते. त्या घटकेला मला तुमची आठवण आली नव्हती. आईचीही नाही, दह्याची नाही, वाणाची नाही. ती रेडी उभी राहिली आणि जगात दुसरं काही उरलंच नाही, आबा.